अर्ध्या जळालेल्या पोथीचा धनी

इटलीच्या एड्रियाटिक किनाऱ्यावरचं रिमिनी हे आज सुट्टी घालवायला येणाऱ्यांचं गाव आहे. वाळू, रंगीत छत्र्या, आइस्क्रीम. किनारा सोडून गावात जरा आत शिरलं की पांढऱ्या दगडाचं एक अर्धवट राहिलेलं चर्च लागतं. चर्चच आहे, पण लोक त्याला ‘मालातेस्ताचं देऊळ’ म्हणतात. त्याच्या उजव्या भिंतीला बाहेरच्या अंगाने ओळीने कमानी आहेत आणि काही कमानींत दगडी शवपेट्या ठेवल्या आहेत. त्यातल्या एकीवर लॅटिन अक्षरं कोरली आहेत. आत ज्याच्या अस्थी आहेत तो आपल्या काळातल्या तत्त्वज्ञांचा अग्रणी होता, असं ती सांगतात. साल १४६५.

हा तत्त्वज्ञ इटालियन नव्हता. तो ग्रीसमध्ये वारला होता आणि तिथेच पुरलेला होता. रिमिनीचा सरदार सिजिस्मोंदो मालातेस्ता व्हेनिसच्या बाजूने तुर्कांशी लढायला ग्रीसमध्ये उतरला. मिस्त्रास शहराचा खालचा भाग त्याने घेतला, पण वरचा किल्ला काही हाती येईना. शेवटी माघार घ्यावी लागली. जाताना त्याने ही कबर उकरली आणि अस्थी जहाजावर चढवल्या. हरलेल्या मोहिमेतून सोनं, घोडे, कैदी घेऊन येणारे सेनापती खूप होऊन गेले. म्हाताऱ्या पंडिताची हाडं घेऊन येणारा विरळाच.

त्या पंडिताचं मूळ नाव गेओर्गिओस गेमिस्टोस. जन्म कॉन्स्टँटिनोपलचा, १३५५ ते १३६० च्या दरम्यानचा. ग्रीकमध्ये ‘गेमिस्टोस’ म्हणजे भरलेला. उतारवयात त्याने त्याच अर्थाचं, पण जुन्या वळणाचं ‘प्लेथॉन’ हे नाव घेतलं. प्लेटोला ग्रीक लोक ‘प्लातोन’ म्हणतात. दोन्ही नावं एकामागून एक उच्चारून पाहिली की म्हाताऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. मित्रांना ते कळलं. शत्रूंना जरा जास्तच कळलं.

प्लेथॉन शाळेच्या पुस्तकात नसतो. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात त्याच्या वाट्याला बहुधा अर्धं पान येतं. तरीही साडेपाचशे वर्षं त्याचं नाव कुणी ना कुणी उचलून धरत आलं आहे: फ्लॉरेन्सचे विद्वान, रिमिनीचा सरदार, ग्रीक देशभक्त, अमेरिकन कवी, आणि आता चक्क झ्यूसची पूजा करणारे लोक. यातल्या बहुतेकांनी त्याचा मुख्य ग्रंथ पूर्ण वाचलेला नाही. वाचणार कसा? तो जाळला गेला. या माणसाच्या कीर्तीचा उगम शोधायचा तर त्या आगीजवळच जावं लागतं. पण त्याआधी तो जगला कसा ते पाहू.

तरुणपणाबद्दल भरवशाचं फार थोडं हाती आहे. त्याच्या एका शत्रूच्या म्हणण्यानुसार तो ऑटोमन दरबारात वावरणाऱ्या एलिसाइओस नावाच्या ज्यू विद्वानाजवळ शिकला आणि तिथेच त्याला जरथुष्ट्राचं वेड लागलं. शत्रूचं सांगणं म्हणून ते चिमूटभर मीठ घालूनच घ्यावं. पुढचं मात्र पक्कं आहे. १४१० च्या आसपास तो पेलोपोनीसमधल्या मिस्त्रासला स्थायिक झाला आणि तिथे न्यायाधीश झाला. जुन्या स्पार्टाच्या जवळ, तायगेतोस पर्वताच्या उतारावर वसलेलं हे शहर. वर किल्ला, मध्ये राजवाडा, खाली चर्च आणि घरांची दाटी. एकेकाळच्या बायझंटाइन साम्राज्याकडे तेव्हा राजधानी, काही बेटं, हा दक्षिणेचा तुकडा आणि इकडेतिकडे थोडा किनारा, एवढंच उरलं होतं. चारी बाजूंनी ऑटोमन.

अशा वेळी न्यायाधीशाने बादशहा दुसरा मान्युएल आणि मिस्त्रासचा राजपुत्र थिओदोर यांना लांबलचक निवेदनं लिहिली. विषय होता, हा तुकडा वाचवायचा कसा. भाडोत्री सैनिक काढून टाका, इथल्याच माणसांची फौज उभारा, असं तो सांगतो. जे लढतील त्यांनी कर द्यायचा नाही, जे कर देतील त्यांनी लढायचं नाही. जमीन सगळ्यांची, जो कसेल त्याने ती कसावी, तिच्यावर घर बांधावं. उत्पन्नाचे तीन वाटे करायचे: एक राबणाऱ्याचा, एक अवजारं-बैल पुरवणाऱ्याचा, एक राज्याचा. आपल्याकडे लोकर, जवसाचे धागे, कापूस असताना परदेशी कापड कशाला घ्यायचं, असंही त्याने विचारलं. हातपाय तोडण्याची शिक्षा बंद करून गुन्हेगारांना बांधकामावर लावा म्हणाला. समाजाच्या जिवावर बसून खाणाऱ्या मठवाल्यांवर तर तो उखडलेलाच होता. ‘कसेल त्याची जमीन’ आणि स्वदेशी, दोन्ही एकाच कागदावर, आणि तेही पंधराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात! बादशहाने वाचलं असेलच. अंमलात काही आलं नाही. पुढे १४२७ मध्ये न्यायाधीशाला आर्गोलिस भागात जहागिरी मात्र मिळाली. जमीन सगळ्यांची म्हणणाऱ्याने ती घेतली.

याच निवेदनात एक शब्द होता, जो चारशे वर्षांनी फुटणार होता. आपण वंशाने ‘हेलेन’ आहोत आणि आपली भाषा, आपली विद्या त्याची साक्ष देते, असं त्याने बादशहाला सांगितलं. आज यात काही वावगं दिसत नाही. ग्रीक लोक स्वतःला हेच म्हणवतात. पण त्या काळी ते स्वतःला ‘रोमन’ म्हणत. ‘हेलेन’ ही जवळजवळ शिवी होती. मूर्तिपूजक, ख्रिस्तपूर्व, नरकात गेलेला, असा तिचा अर्थ. न्यायाधीशाने ती शिवी अंगावर घेतली आणि दागिन्यासारखी मिरवली.

१४३८ मध्ये बादशहा आठवा योआनिस सुमारे सातशे माणसांचा लवाजमा घेऊन इटलीला गेला. पोपशी समेट करायचा आणि बदल्यात तुर्कांविरुद्ध फौज मागायची, हा बेत. आधी फेरारा, मग प्लेगची भीती आणि पैशांची चणचण यामुळे फ्लॉरेन्स. तिथे खर्चाचा मोठा भार कोसिमो दे मेदिची या सावकार-सत्ताधीशाने उचलला. सभेत महिनोन्महिने वाद चालला होता तो पवित्र आत्मा पित्यापासून निघतो की पिता आणि पुत्र दोघांपासून, यावर. या लवाजम्यात ऐंशीच्या घरातला गेमिस्टोस सल्लागार म्हणून होता. पाद्री नसलेला, धर्मवादात फार रस नसलेला.

रस त्याने दुसरीकडे काढला. फ्लॉरेन्सच्या विद्वानांना प्लेटो हवा होता. युरोपच्या विद्यापीठांवर दोन शतकं अॅरिस्टॉटलचं राज्य होतं आणि प्लेटोचे मोजकेच संवाद लॅटिनमध्ये आले होते. अशा वेळी अख्खा प्लेटो मूळ भाषेत पचवलेला माणूस गावात राहायला आला. लोक त्याच्याकडे धावले. त्यांच्यासाठी, आजारपणात अंथरुणाला खिळलेला असताना, त्याने एक छोटी पुस्तिका लिहिली: अॅरिस्टॉटल प्लेटोपासून कुठे कुठे वेगळा पडतो आणि तिथे तिथे तो कसा चुकतो. आजारी माणसाचं हे काम युरोपला पन्नास वर्षं पुरलं.

प्लेथॉनच्या लोकप्रियतेतली सगळ्यात आवडती गोष्ट इथली आहे. त्याची व्याख्यानं ऐकून कोसिमो भारावला आणि प्लेटोची अकादमी फ्लॉरेन्समध्ये पुन्हा उभी करायची असं त्याने ठरवलं, ही ती गोष्ट. पर्यटकांच्या पुस्तिकांपासून जाड ग्रंथांपर्यंत ती सापडते. तिचा मूळ आधार मार्सिलिओ फिचिनोची एक प्रस्तावना. फिचिनो हा कोसिमोच्या वैद्याचा मुलगा, प्लेटो लॅटिनमध्ये आणणारा थोर अनुवादक. त्याचा अख्खा प्लेटो १४८४ मध्ये छापून आला. पण प्रस्तावना आहे १४९२ ची, आणि प्लेथॉन फ्लॉरेन्सला होता तेव्हा फिचिनो पाच-सहा वर्षांचा पोर. शिवाय प्लेथॉनला लॅटिन येत नव्हतं आणि कोसिमोला ग्रीक. मधे दुभाषा बसवून कितीसा भारावणार? जेम्स हँकिन्ससारख्या इतिहासकारांनी तर अशी अकादमी संस्था म्हणून खरोखर होती का, इथूनच शंका घेतली. गोष्ट मात्र टिकली, कारण ती सोयीची होती. मेदिची घराण्याला उदार पूर्वज मिळाला, फिचिनोला गुरुपरंपरा मिळाली.

तसंच स्ट्रॅबोचं. या प्राचीन भूगोलकाराची पश्चिमेला नीट ओळख नव्हती. प्लेथॉनने फ्लॉरेन्समध्ये त्याच्याकडे लक्ष वेधलं आणि पाओलो तोस्कानेल्ली या गणितीशी नकाशांवर चर्चा केली. पुढे तोस्कानेल्लीने पश्चिमेकडून पूर्वेला जाण्याच्या वाटेबद्दल पत्र लिहिलं आणि ते कोलंबसाच्या कागदांत सापडतं, म्हणून काही जण प्लेथॉनपासून अमेरिकेपर्यंत थेट रेघ ओढतात. ती रेघ फार ताणलेली आहे.

समेटाचा करार जुलै १४३९ मध्ये झाला. सही करायच्या आत प्लेथॉन गाव सोडून निघाला होता.

मिस्त्रासला परतल्यावर वाद त्याच्या मागे आला. गेओर्गिओस स्कोलारिऑस हा फ्लॉरेन्सलाही हजर असलेला विद्वान, अॅरिस्टॉटलचा कट्टर पाठीराखा. त्याने अॅरिस्टॉटलची बाजू घेऊन ग्रंथ लिहिला. प्लेथॉनने नव्वदीच्या उंबरठ्यावर त्याला झणझणीत उत्तर दिलं. भांडण इटलीत पोचलं. त्रेबिझोंदचा गेओर्गिओस या तापट पंडिताने १४५८ मध्ये प्लेटोवर तुटून पडणारं पुस्तक काढलं आणि त्यात जाता जाता एक आठवण पेरली. फ्लॉरेन्समध्ये प्लेथॉन आपल्याला म्हणाला होता की थोड्याच वर्षांत सगळं जग एकच धर्म स्वीकारेल. ख्रिस्ताचा की महंमदाचा, असं विचारल्यावर उत्तर आलं, दोन्ही नाही. जुन्या मूर्तिपूजकांच्या धर्मासारखा. खरं-खोटं देव जाणे. कोणता देव, हाच इथे प्रश्न होता.

हा नुसता शाब्दिक खेळ नव्हता. १४५० च्या सुमारास युवेनालिओस नावाच्या एका माणसाला पेलोपोनीसमध्ये मूर्तिपूजक म्हणून हाल करून मारण्यात आलं आणि मारणाऱ्या अधिकाऱ्याची स्कोलारिऑसने पत्र लिहून पाठ थोपटली. त्याला खरा हिशेब कुणाशी चुकता करायचा होता ते उघड होतं. पण प्लेथॉनला राजदरबाराचं पाठबळ होतं. तो १४५२ मध्ये, काहींच्या मते १४५४ मध्ये, नव्वदी ओलांडून अंथरुणातच वारला.

त्याच्यामागे घरात एक पोथी राहिली. नाव, प्लेटोच्या ग्रंथावरूनच घेतलेलं, ‘नियम’. तीन भाग, शंभराच्या आसपास प्रकरणं. तिच्यात काय होतं? एक संपूर्ण धर्म. शिखरावर झ्यूस, कुणापासून न जन्मलेला. त्याच्यापासून पोसायडन, मग इतर देवदेवता, तारे, आत्मे, माणसं. नावं होमरची, पण व्यवस्था प्लेटोच्या अनुयायांची. नियती अटळ आहे, देवांना नवसाने वळवता येत नाही, आत्मा पुन्हा पुन्हा देह धारण करतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी म्हणायच्या प्रार्थना आणि सत्तावीस स्तोत्रं त्याने स्वतः रचली. दिनदर्शिकाही केली: महिने चंद्राचे, अमावास्येला संपणारे, वर्ष सूर्याचं, दक्षिणायन संपल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येवरून सुरू होणारं, मेळ बसवायला अधूनमधून तेरावा महिना. मराठी पंचांग भिंतीवर असलेल्या घरात हे फार परकं वाटू नये. त्याने मात्र ते भारतातून उचललेलं नव्हतं. जुन्या ग्रीक शहरांची कालगणना अशीच होती.

भारताचा उल्लेख त्याच पोथीत वेगळ्या जागी आहे. सत्य जाणणाऱ्या प्राचीन गुरूंची यादी देताना तो जरथुष्ट्रापासून सुरुवात करतो, लायकर्गस आणि न्यूमा यांच्यासारखे विधिकर्ते घेतो, भारतातल्या ब्राह्मणांना घेतो, इराणी मगींना घेतो आणि पायथागोरस, प्लेटो, प्लोटिनस यांच्यापर्यंत येतो. ब्राह्मण त्याने पाहिले नव्हते. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक ग्रंथांतून ऐकीव माहिती होती, तेवढीच. यादीत नाही तो मोझेस, आणि नाही तो ख्रिस्त. ज्या काळात प्रत्येक शहाणपण बायबलला नेऊन बांधायचं असा दंडक होता, त्या काळात ही गाळलेली जागा पानभर शिव्यांपेक्षा जास्त बोलते.

जरथुष्ट्राबद्दल थोडं विषयांतर. उत्तर-प्राचीन काळातल्या ‘चाल्डियन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ग्रीक गूढवचनांचं संपादन प्लेथॉनने केलं आणि ती जरथुष्ट्राच्या मगी शिष्यांची असल्याचं ठरवून टाकलं. युरोपने ते पुढे शतकानुशतकं खरं मानलं. मुंबईतल्या अग्यारीत पठण होणाऱ्या अवेस्ताशी या ओळींचा काडीचा संबंध नाही. पण त्याला वंशावळ हवी होती, ख्रिस्ताच्या आधीची, मोझेसच्याही आधीची. त्याने ती मिळवली.

आता आग. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं. स्कोलारिऑस कैदेत सापडला आणि सुलतान दुसरा मेहमेद याने त्यालाच शोधून काढून १४५४ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख, पॅट्रिआर्क गेन्नादिओस, बनवलं. १४६० मध्ये मिस्त्रासही पडलं. पोथी तिथला शेवटचा राजपुत्र देमेत्रिओस याची पत्नी थिओदोरा हिच्या हाती आली होती. काय करावं म्हणून तिने ती गेन्नादिओसला दाखवली. जाळून टाका, असा सल्ला आला. तिचा हात धजेना. शेवटी पोथी पुन्हा त्याच्याकडे आली आणि त्याने ती स्वतः जाळली.

सगळी नाही. इथेच गंमत आहे. जाळणारा माणूस पंडित होता आणि आपण योग्य केलं हे जगाला पटवण्याची त्याला घाई होती. म्हणून त्याने पुरावा राखून ठेवला: अनुक्रमणिका, सुरुवातीचा काही भाग, शेवटचा काही भाग. वर एक लांब पत्र लिहून आत किती भयंकर मजकूर होता ते तपशीलवार सांगितलं. प्लेथॉनला इतका मन लावून वाचणारा दुसरा वाचक त्या पिढीत नसेल. नियतीवरचं प्रकरण आधीच वेगळं फिरत होतं. काही पानं शिष्यांच्या नकलांतून वाचली. काही भाग तर अरबीत उतरून खुद्द इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या हस्तलिखितात जाऊन बसला. १८५८ मध्ये पॅरिसला हे सगळे तुकडे एकत्र छापले गेले.

पोथी अख्खी राहिली असती तर काय झालं असतं? बहुधा ती कंटाळवाणी ठरली असती. जी प्रार्थना-प्रकरणं उरली आहेत ती वाचताना झोप आवरावी लागते, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हरकत नाही. कोणता मंत्र कधी, गुडघा केव्हा टेकायचा, हात कसे वर करायचे. पण अनुक्रमणिकेतलं शीर्षक शिल्लक आणि खालचं पान राख, असं झालं की वाचक स्वतःच्या मनातलं प्रकरण तिथे लिहितो. ‘भरलेला’ नावाच्या माणसाने मागे ठेवली ती नेमकी मोकळी जागा.

त्या जागेत सगळ्यात आधी शिरला त्याचा लाडका शिष्य बेसारिऑन. तो रोमन कार्डिनल झाला होता. गुरूच्या मुलांना लिहिलेल्या सांत्वनपत्रात त्याने म्हटलं की आत्म्याच्या फेऱ्यांवर विश्वास ठेवायचा झाला तर प्लेटोचाच आत्मा या देहात उतरला होता असं म्हणावं लागेल. कॅथलिक कार्डिनलने पुनर्जन्माचा दाखला द्यावा! त्याने १४६८ मध्ये आपला सातशेहून अधिक हस्तलिखितांचा संग्रह व्हेनिसला दिला. मार्चियाना ग्रंथालयाचा पाया तोच. प्लेथॉनच्या स्वतःच्या हातची पानं त्यात आहेत.

एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाला आणि ‘हेलेन’ हा शब्द राष्ट्राचं नाव बनला. तेव्हा निवेदनातलं ते वाक्य इतिहासकारांनी उचललं आणि म्हातारा पहिला आधुनिक ग्रीक ठरला. १९२३ च्या सुमारास एझ्रा पाउंडला सिजिस्मोंदोने वेड लावलं आणि त्याच्या दीर्घकाव्यात सरदारामागून तत्त्वज्ञही आला. १९५६ मध्ये बेल्जियन विद्वान फ्रांस्वा मासे याने मिस्त्रासच्या प्लेटोवादावर मोठा ग्रंथ लिहिला. १९८६ मध्ये सी. एम. वुडहाउसने त्याचं चरित्र लिहून त्याला शेवटचा हेलेन म्हटलं. हा वुडहाउस दुसऱ्या महायुद्धात ग्रीसच्या डोंगरांत जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या गनिमांबरोबर राहिलेला ब्रिटिश अधिकारी, पुढे खासदार. २०११ मध्ये निकितास सिनिओसोग्लू त्याला सच्चा मूर्तिपूजक आणि बंडखोर ठरवतो. तीनच वर्षांनी चेक अभ्यासक व्होयतेख ह्लादकी म्हणतो, थांबा, तो ख्रिस्ती असू शकतो, ‘नियम’ हा विचारांचा प्रयोगही असू शकतो. दोघेही त्याच तुकड्यांवरून बोलतात.

आणि आता भक्त आहेत. ग्रीसमध्ये जुन्या देवांची उपासना नव्याने करणारे गट गेल्या काही दशकांत उभे राहिले. अमेरिकेत जॉन ऑप्सोपॉस यांनी २०२२ मध्ये प्लेथॉनच्या प्रार्थना, स्तोत्रं आणि दिनदर्शिका प्रत्यक्ष आचरण्यासाठी पुस्तकरूपाने मांडल्या. स्कोलारिऑसला भीती होती ती हीच. फक्त तिला साडेपाचशे वर्षं लागली, आणि वाट त्याने राखून ठेवलेल्या पानांवरूनच गेली.

त्याचा चेहरा म्हणून जे चित्र सर्वत्र छापलं जातं ते फ्लॉरेन्सच्या मेदिची वाड्यातल्या भित्तिचित्रातलं आहे. बेनोझ्झो गोझ्झोलीने १४५९ मध्ये रंगवलेल्या मिरवणुकीतली एक दाढीवाली आकृती. ती त्याची आहे याला परंपरेपलीकडे पुरावा नाही. चेहराही लोकांनीच भरला.

राहता राहिल्या अस्थी. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी रिमिनी भाजून काढलं. चर्चचं छप्पर कोसळलं, भिंतींचे दगड जागचे हलले. युद्धानंतर ते पुन्हा जागेवर बसवावे लागले. शवपेटी आजही कमानीत आहे. तिच्यावरच्या लेखात ख्रिस्ताचं नाव नाही आणि झ्यूसचंही नाही. तत्त्वज्ञाचं आहे, तेही फक्त जुनं, ‘गेमिस्टोस’चं लॅटिन रूप. बाकी ओळींत सिजिस्मोंदो मालातेस्ताचं नाव आहे, त्याच्या वडिलांचं आहे, तुर्कांविरुद्धच्या त्या मोहिमेत तो सेनापती होता हे आहे, आणि विद्वानांवर त्याचं किती अफाट प्रेम होतं, हेही आहे.